टाचणवही

आमच्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात सत्तर-ऐंशीच्या सालांत ज्या घरातलं पोरगं नाहीतर पोरगी मास्तर झाली, त्या घरात फडताळाच्या वरच्या फळीवर शोधलं तर एक जाडजूड वही सापडते. वर खाकी कागदाचं कव्हर, आत उभ्या रेघा मारून पाडलेले रकाने आणि प्रत्येक पाठाच्या शेवटी लाल शाईतला शेरा न् सही. तिला म्हणायचे पाठटाचण वही. बोलताना नुसतं टाचण. शिक्षक होऊ घातलेल्या माणसाने वर्गात पाऊल टाकण्याआधी काय शिकवायचं, कसं शिकवायचं, पोरांना काय विचारायचं, फळ्यावर कुठं काय लिहायचं हे सगळं कागदावर मांडायचं, म्हणजे टाचण काढायचं.

मी स्वतः दहावीपुढं गेलो नाही, शेतीच केली. पण माझ्या धाकट्या बहिणीने डी.एड. केलं आणि तिच्या त्या दोन वर्षांत आमचं सगळं घर टाचण शिकलं. शिक्षणखात्याचा इतिहास विद्वानांनी पुष्कळ लिहिलाय. शेतकऱ्याच्या घरात टाचण कुठून कुठून फिरत आलं आणि आल्यावर त्याने काय केलं, एवढाच माझा विषय आहे.

आमच्या पणज्या-आज्याच्या काळी गावात शिकवायचे ते पंतोजी. देवळाच्या ओवरीत नाहीतर कुणाच्या पडवीत शाळा. धुळपाटीवर अक्षरं गिरवायची, आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घसा कोरडा पडेस्तोवर म्हणायची. पंतोजींना त्याबद्दल दाणागोटा मिळायचा. त्या माणसांची थट्टा करायची नाही मला. माझ्या आज्याला कागद-पेन्सिलीशिवाय गुळाच्या ढेपांचा हिशोब करता यायचा, तो त्याच पाठांतराच्या जोरावर. पण पंतोजीला जे येत होतं ते तो म्हणायचा, पोराने त्याच्यामागं म्हणायचं, एवढीच पद्धत. पोराला काय समजलं, का समजलं नाही, हा प्रश्न त्यात बसतच नव्हता. शिकवणं हे सुद्धा शिकावं लागतं ही गोष्ट आपल्याकडं इंग्रजी अमदानीत आली.

मुंबईत १८४५ च्या सुमाराला बाळशास्त्री जांभेकरांच्या देखरेखीखाली शिक्षक तयार करण्याचा वर्ग चालू झाला होता. त्याला नॉर्मल क्लास म्हणायचे. १८५४ साली विलायतेहून वुडचा खलिता आला, त्यात शिक्षकांना शिकवण्याच्या शाळा काढा असं स्पष्ट सांगितलं होतं. त्यानंतर पुण्यात ट्रेनिंग कॉलेज उभं राहिलं. कृष्णशास्त्री चिपळूणकर तिथं प्रमुख होते. १८६१ साली ‘मराठी शाळापत्रक’ नावाचं मासिक निघालं, ते खेड्यापाड्यांतल्या मास्तरांसाठीच होतं.

आणि या सगळ्याच्या आधी सावित्रीबाई. त्यांचं माहेर नायगाव, शिरवळजवळचं, म्हणजे नीरा ओलांडली की पलीकडं. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, हे आता शाळेतलं पोरगंही सांगतं. पण सावित्रीबाईंनी शिकवण्याचं रीतसर शिक्षण घेतलं होतं, हे फार जणांना माहीत नसतं. आधी ज्योतिरावांनी घरी शिकवलं, मग अहमदनगरला मिस फरार यांच्याकडं आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे धडे घेतले. सरकारने बायकांसाठी पुण्यात ट्रेनिंग कॉलेज काढलं ते १८७० साली. म्हणजे आमच्या नीरेच्या पाण्याकाठची एक माळ्याची लेक सरकारच्या वीसेक वर्षं पुढं होती.

ज्योतिराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं जे निवेदन दिलं, ते मला आमच्या गावच्या वाचनालयात चाळिशीनंतर वाचायला मिळालं. त्यात त्यांनी सांगितलंय की प्राथमिक शाळांचे मास्तर एकाच वरच्या जातीतले आहेत, ते शेतकऱ्याच्या पोरांपासून अंतर राखतात, म्हणून शेतकरी वर्गातूनच मास्तर तयार करा, त्यांना ट्रेनिंग द्या, पगार बरा द्या. वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला लाजणार नाही असा मास्तर पाहिजे. शाळेत शेतीचीही माहिती सांगा. वाचून मी पुस्तक मिटलं आणि हिशोब केला. हे मागणं आमच्या शिवारात पुरं व्हायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

ती शंभर वर्षं आमच्याकडं अशी गेली. १८८५ च्या सुमाराला नीरा डाव्या कालव्याचं पाणी बारामतीकडं आलं, पुढं इंदापूरकडं सरकलं. कालव्याखाली ऊस आला, गुऱ्हाळं आली, नंतर वालचंदनगरला कारखाना उभा राहिला. पैसा थोडाफार दिसायला लागला, पण शाळा मात्र मोठ्या गावातच. वाडी-वस्तीवरच्या पोराने रोज चार-पाच मैल चालायचं किंवा गुरं राखायची. मास्तर असायचे व्हर्नाक्युलर फायनल झालेले, म्हणजे सातवी पास. त्यांत दोन जाती, ट्रेंड आणि अनट्रेंड. ट्रेंड मास्तरचा पगार जास्त आणि रुबाबही जास्त. १९३५ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं, तेव्हा कुठं कुणब्या-धनगरांच्या, माळ्या-महारांच्या पोरांना ट्रेंड व्हायची वाट जवळ आली. १९३८ मध्ये काटेवाडीच्या शारदाबाई पवार पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या. आमच्या भागातली बाई जिल्ह्याच्या कारभारात बसली, याची चर्चा माझ्या आजीच्या तोंडून मी ऐकलेली आहे.

मला पहिलीला शिकवणारे गुरुजी त्या जुन्या पठडीतले, पी.टी.सी. झालेले. त्यांच्या खुंटीला टकळी अडकवलेली असायची. गांधीजींची नई तालीम १९३७ साली वर्ध्याला मांडली गेली, त्यातून मूलोद्योगाच्या शाळा निघाल्या. सूत कातता कातता गणित, भूगोल, भाषा शिकवायची. त्याला समवाय म्हणायचे. आमच्यापर्यंत येईस्तोवर टकळी खुंटीलाच राहिली होती, पण गुरुजींची सवय टिकली होती. शाळेच्या परसात वांग्यांचे वाफे काढायला लावायचे आणि वाफ्याची लांबी-रुंदी मोजून क्षेत्रफळ शिकवायचे. आम्हाला वाटायचं, गुरुजी आपल्याकडून काम करून घेतायत. ते टाचणात लिहिलेलं असायचं, हे बहिणीची वही बघेपर्यंत मला उमगलं नव्हतं.

१९६२ साली जिल्हा परिषदा झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्या ताब्यात गेल्या. बहात्तरचा दुष्काळ सरला. वस्त्यांवर शाळा निघू लागल्या आणि मास्तर कमी पडू लागले. १९७५ पासून अकरावीच्या मॅट्रिकऐवजी दहावीची बोर्डाची परीक्षा आली. दहावीनंतर दोन वर्षांचं डी.एड. केलं की नोकरी. सोळाव्या वर्षी आत जायचं, अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी हजेरीपट हातात घ्यायचा. शेतकऱ्याच्या घराला परवडणारी नोकरीची एवढी जवळची वाट त्याआधी कधी नव्हती, आणि पुढंही राहिली नाही.

१९८० साली बहीण दहावी झाली. बासष्ट टक्के पडले. आमची तेव्हा साडेतीन एकर, त्यातली दीड पाटपाण्याखाली. चुलते म्हणाले, “पोरगी सोळाची झाली, आता ठिकाण बघायचं सोडून तिला बाहेरगावी वसतिगृहात कशाला धाडताय?” आण्णा म्हणजे आमचे वडील फार बोलणारे नव्हते. ते एवढंच म्हणाले, “मास्तरीण झाली तर तिचं ठिकाण तीच बघंल.” दुभत्या दोन म्हशी होत्या, त्यातली एक त्यांनी काष्टीच्या बाजारात नेऊन विकली. मला पुढं शिकायचं होतं का, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी शेतावर एक माणूस लागणारच होतं. तिला मार्क जास्त होते, ती गेली. जे झालं ते बरोबरच झालं.

अध्यापक विद्यालय तालुक्याबाहेर होतं. पहिल्या दिवाळीला ती घरी आली ती रडवेली. आईला वाटलं, जेवणाचे हाल होत असतील. ती म्हणाली, “जेवण बरंय, टाचण जमत नाही.”

त्या काळी टाचण काढायची जी रीत होती, तिचं मूळ जर्मनीत. हर्बार्ट नावाचा पंडित एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी होऊन गेला. नवं ज्ञान जुन्या ज्ञानाला चिकटलं तरच टिकतं, हे त्याचं म्हणणं. त्याने शिकवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या, शिष्यांनी त्याच्या पाच केल्या. आमच्याकडं त्याला हर्बार्टची पंचपदी म्हणतात. आधी पोरांच्या मनाची तयारी करायची, मग विषय मांडायचा, मग माहीत असलेल्याशी तुलना, मग त्यातून नियम, आणि शेवटी नियम वापरून दाखवायचा. त्यावर १९५६ साली अमेरिकेतल्या ब्लूम नावाच्या प्राध्यापकाने उद्दिष्टांची उतरंड रचून दिली. ज्ञान, आकलन, उपयोजन आणि पुढं. हे सगळं पुण्या-मुंबईतून झिरपत झिरपत आमच्या धाकटीच्या वहीत आलं होतं. रकाने असे: घटक, उपघटक, उद्दिष्टे व स्पष्टीकरणे, पूर्वज्ञान, शैक्षणिक साहित्य, प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, फलकलेखन, संकलन, मूल्यमापन, स्वाध्याय. आणि तास पस्तीस मिनिटांचा.

तिचं अडलं होतं उद्दिष्टांपाशी. ती लिहून न्यायची, ‘विद्यार्थ्यांना हातच्याची वजाबाकी समजेल.’ सर त्यावर लाल रेघ मारायचे. समजेल हे तुला दिसणार कसं? पोराच्या डोक्यात डोकावता येत नाही. पोरगं काय करून दाखवील ते लिही. सांगतो, ओळखतो, फरक दाखवतो, चूक दुरुस्त करतो, अशी क्रियापदं लिही. हे ऐकायला सोपं वाटतं. पण जिने दहा वर्षं फक्त पाठ करून परीक्षा दिली, तिला ‘समजणं’ आणि ‘करून दाखवणं’ यातला फरक कळायला महिना गेला.

त्या दिवाळीच्या सुट्टीत तिने वजाबाकीचं टाचण गोठ्यात बसून पुन्हा काढलं. कंदील मेखेला अडकवलेला. तुरकाठ्यांच्या बोटभर काड्या मी तोडून दिल्या, शंभरेक. दहा-दहाच्या जुड्या सुतळीने बांधल्या. बेचाळिसातून सतरा घालवायचे. चार जुड्या आणि दोन सुट्ट्या काड्या. दोनातून सात जात नाहीत. मग एक जुडी सोडायची, दहा काड्या मोकळ्या झाल्या, आता सुट्ट्या झाल्या बारा. बारातून सात गेले, पाच. जुड्या उरल्या तीन, त्यातली एक गेली, दोन. पंचवीस. मी दहावी पास झालेला गडी, पण ‘हातचा’ घेतो म्हणजे जुडी सोडतो, हे मला त्या रात्री पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. आण्णा बाजेवर पडून ऐकत होते. ते उठून बसले आणि म्हणाले, “आमच्या पंतोजीनं हे दावलं असतं तर दोन वर्सं वाचली असती.”

शंका निघाली ती आईच्या तोंडून. ती म्हणाली, “जुडी सोडायची ही पोरांना आपसूक सुचंल का तू सांगणार?” धाकटी गप्प झाली. टाचणात तिने लिहिलं होतं, ‘शिक्षिका जुडी सोडून दाखवील.’ ते खोडून तिने लिहिलं, ‘शिक्षिका विचारील: सुट्ट्या काड्या कमी पडतायत, आता काय करता येईल?’ आई शाळेत गेलेली नव्हती. पण शिकवणाऱ्याने सांगायचं किती आणि विचारायचं किती, याचं भान तिला सूनवाशिणींना भाकरी थापायला शिकवून आलेलं असावं.

दोन वर्षांत तिचे पस्तीस-चाळीस सराव पाठ झाले. घरी आली की वही उघडून बसायची, त्यामुळं त्यातल्या खाचाखोचा मला पाठ झाल्या. सगळ्यांत पहिली गोष्ट, एका तासात एकच गोष्ट न्यायची. नव्या छात्राध्यापकाला वाटतं, जेवढं येतं तेवढं ओतावं. पस्तीस मिनिटांत पोराच्या हाताला एक वस्तू लागली तरी पुष्कळ. दुसरी, ‘समजलं का?’ हा प्रश्न विचारायचा नाही, कारण सगळा वर्ग एका सुरात हो म्हणतो. हो-नाहीत संपणारा प्रश्न टाचणात दिसला की सर त्याला गोल करायचे. तिसरी, आधी प्रश्न सगळ्या वर्गाला, मग थोडा वेळ थांबायचं, आणि मग एका पोराचं नाव घ्यायचं. नाव आधी घेतलं तर बाकीची पोरं विचार करायचं सोडतात. चौथी, तक्ता किंवा वस्तू लागेल तेव्हाच काढायची आणि काम झालं की झाकायची, नाहीतर पोरं बाईंकडं न बघता मोराच्या चित्राकडं बघतात. पाचवी, फळा डावीकडून भरत जायचा, वर तारीख, विषय, आणि शेवटी मूल्यमापनाचे प्रश्न विचारताना उत्तर फळ्यावर तसंच राहिलेलं नको. आणि शेवटची, जे उद्दिष्ट वर लिहिलं तेच खाली तपासायचं. वर ‘काड्यांनी करून दाखवतो’ लिहायचं आणि खाली नुसती तोंडी व्याख्या विचारायची, हे चालत नाही.

सूक्ष्म अध्यापन म्हणून एक प्रकार होता. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या आसपास तो निघाला. पाच-सहा मिनिटांचा पाठ, पोरं मोजकी, आणि एकाच कौशल्याचा सराव. आज फक्त प्रश्न विचारणं, उद्या फक्त फलकलेखन. बरोबरीच्यांनी बघायचं, चुका सांगायच्या, लगेच पुन्हा पाठ घ्यायचा. सुट्टीत घरी पोरं कुठली? वस्तीवरची शेंबडी चार-पाच गोळा करायची आणि ओट्यावर बसवायची. हाताशी पोरं नसली की मीच विद्यार्थी. पंचवीस पोती शेंग घरी आणणारा माणूस तिच्यापुढं बोट वर करून ‘बाई, मी सांगू?’ म्हणत बसायचो.

दुसऱ्या वर्षी छात्रसेवाकाल असतो. छात्राध्यापकांनी एखाद्या गावच्या शाळेत राहून पुरी शाळा चालवायची. तिच्या तुकडीला इंदापूर तालुक्यातलं भीमाकाठचं एक गाव मिळालं. त्याच सुमाराला उजनी धरण पुरं झालं होतं. भीमेच्या काठची गावंच्या गावं पाण्याखाली गेली, माणसं वर माळावर नव्या गावठाणात आली. पळसदेवचं जुनं देऊळ अजून उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर दिसतं, तेव्हा लोक बघायला जातात. धाकटी ज्या शाळेत गेली ती अशाच नव्या गावठाणातली. पत्र्याची शाळा, भोवती झाड नाही.

तिचा पाठ होता तिसरीला, ‘आपले गाव’. टाचण झकास काढलं होतं. पूर्वज्ञानाच्या रकान्यात लिहिलेलं, ‘विद्यार्थ्यांना आपल्या गावातील प्रमुख ठिकाणे माहीत आहेत.’ साहित्य म्हणून गावाचा मोठा नकाशा, तो मीच ड्रॉईंग पेपरवर रंगवून दिला होता. सरळ रस्ते, सारख्या मापाचे प्लॉट, शाळा, पाण्याची टाकी. तिने विचारलं, “आपल्या गावात देऊळ कुठं आहे?” एका पोराने खिडकीतून हात केला, पाण्याकडं. दुसरा म्हणाला, “बाई, कोणतं गाव? ह्ये का त्ये?”

टाचणात या प्रश्नाला रकाना नव्हता. मागं मार्गदर्शक सर वही घेऊन बसलेले. तिने नकाशा गुंडाळून ठेवला आणि पोरांना पाटीवर आपापलं गाव काढायला सांगितलं. बऱ्याच पोरांनी जुनं काढलं. वेस, पार, वडाचं झाड, घाटाच्या पायऱ्या, आजीचं घर. तीन-चार वर्षांच्या वयात सोडलेलं गाव, काहींनी तर घरच्यांच्या बोलण्यातूनच बघितलेलं. मग तिने फळ्याचे दोन भाग केले. डावीकडं जुनं गाव, उजवीकडं नवं. जुन्यात काय होतं, नव्यात काय आहे, काय अजून यायचंय. तास संपला तेव्हा मूल्यमापन झालेलं नव्हतं, स्वाध्याय दिलेला नव्हता. तिला वाटलं, पाठ गेला.

सरांनी लाल शाईने लिहिलेला शेरा अजून त्या वहीत आहे. ‘पूर्वज्ञान विचारून घ्यावे, गृहीत धरू नये. पाठ चांगला.’ एवढाच. पण मला विचाराल तर सगळ्या टाचणाचं सार त्या शेऱ्याच्या पहिल्या वाक्यात आहे. शंभर वर्षं आमच्या पोरांना जे मास्तर शिकवत होते, ते वाईट होते असं नाही. समोरच्या पोराला आधीच काय माहीत आहे, हे त्यांनी बहुतेक वेळा गृहीत धरलेलं होतं. पोराला काही येत नाही असं तरी, किंवा पुण्याच्या पोराला येतं तेच याला येतं असं तरी. बारामती तालुक्यातच बघा. कालव्याखालचं पोरगं आणि सुप्याकडचं जिरायतातलं पोरगं एकाच पुस्तकात ‘पाटाचे पाणी’ वाचतं. एकाच्या घरामागून पाट वाहतो, दुसऱ्याच्या घरी टँकर येतो. कोपीत राहणाऱ्या ऊसतोड्याच्या पोराला ‘माझे घर’ हा निबंध लिहायला सांगितला तर ते काय लिहील? फुल्यांनी शेतकऱ्यातला मास्तर मागितला तो याच कारणाने. नांगर धरायला येतो म्हणून नुसता नव्हे, तर नांगर धरणाऱ्याच्या पोराला काय माहीत असतं हे त्याला माहीत असतं म्हणून. आणि तेवढंही पुरत नाही, हे उजनीकाठच्या त्या तासाने शिकवलं. शेतकऱ्याच्या लेकीलाही विचारून घ्यावं लागतं.

१९८२ साली ती पास झाली आणि पुढं इंदापूर तालुक्यातच एका वस्तीवरच्या शाळेत लागली. एकशिक्षकी शाळा. पहिली ते चौथी एकाच खोलीत. अध्यापक विद्यालयातलं पस्तीस मिनिटांचं टाचण तिथं एका दिवसात कोलमडलं. मग तिने स्वतःचं टाचण तयार केलं. एका पानावर चार रकाने, चार इयत्ता. एकीला शिकवताना बाकीच्या तीन इयत्ता काय करतील ते आधी लिहायचं. चौथीची पोरं पहिलीला काड्या मोजून देतील, तिसरी पाढे लिहील, दुसरी वाळूत अक्षरं गिरवील. १९८७ साली खडू-फळा मोहीम आली तेव्हा दुसरा शिक्षक आणि साहित्याची पेटी द्यायचं ठरलं. तोवर तिची पेटी म्हणजे चिंचोके, बाटल्यांची बुचं आणि आमच्या शेतातल्या तुरकाठ्या. तिच्या पहिल्या पगारातून आण्णांनी म्हैस घेतली नाही. ते म्हणाले, “आता तुझं तू बघ.” तिने धाकट्या भावाची फी भरली.

पुढचं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं. डी.एड.ला बारावीची अट आली. १९९५ च्या सुमाराला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, मग ज्ञानरचनावाद आला. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटातल्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या लागल्या. फरशीवर आखलेली गणितं, पोरं आपली आपण शिकतायत. बहीण बघून आली आणि हसत म्हणाली, “दादा, आईने गोठ्यात सांगितलं होतं तेच आहे.” २००० सालापासून शिक्षणसेवक आले, पहिली तीन वर्षं मानधनावर. तरी डी.एड.ची लाट ओसरली नाही. गावोगाव अध्यापक विद्यालयं निघाली, लोकांनी जमिनी विकून प्रवेश घेतले. मग भरती आटली. २०१३ ला पात्रता परीक्षा सुरू झाली. आमच्या वस्तीवर डी.एड. झालेली सहा पोरं आहेत. एक एमआयडीसीत कामाला जातो, एकाचा टेम्पो आहे, दोघांनी रोपवाटिका टाकली. कितीतरी विद्यालयांना आता विद्यार्थी मिळत नाहीत, काहींना कुलूप लागलं. आणि २०२० च्या नव्या धोरणात म्हटलंय की २०३० पर्यंत शिक्षक व्हायला चार वर्षांची एकत्रित बी.एड. पदवी लागेल.

शिक्षण जास्त असावं, याला माझा विरोध नाही. दहावीच्या पोरीला दोन वर्षांत मास्तरीण करणं हेही काही आदर्श नव्हतं. पण एक म्हैस विकून जी वाट गाठता यायची, ती आता चार वर्षांच्या फीची, शहरातल्या खोलीभाड्याची आणि नोकरीच्या भरवशाशिवायची झाली. ती वाट कोण चालेल? जिरायतातलं पोरगं, ऊसतोड्याची पोरगी चालेल का? नाही चालली, तर मास्तर पुन्हा बाहेरून येईल. चांगला शिकलेला असेल, पदवीवाला असेल. पण ‘कोणतं गाव, ह्ये का त्ये’ हे विचारणाऱ्या पोराला तो काय उत्तर देईल, याची मला काळजी वाटते.

दुसरी काळजी टाचणाचीच. आता टाचण तयार मिळतं. छापील मिळतं, मोबाईलवर येतं. सहीपुरतं दाखवायचं, झालं. तक्ते, माहित्या आणि बैठकांखाली मास्तर दबलाय हे मी शाळेच्या समितीवर बसून बघितलंय, म्हणून त्याला दोष द्यायला जीभ वळत नाही. बाकीचं खुशाल छापील घ्यावं. उद्दिष्टं तीच असतात, साहित्य तेच असतं. पण पूर्वज्ञानाचा रकाना दुसऱ्या कुणाला भरता येत नाही. समोरच्या पोरांना काय येतं, काय दिसलंय, त्यांच्या घरी काल काय घडलं, हे पुण्यात बसून छापणाऱ्याला कळणार कसं? तो एक रकाना मास्तरांनी, बाईंनी स्वतःच्या हाताने, पोरांना विचारून भरावा. दोन ओळींचं काम आहे. त्या दोन ओळींपायी आमच्या घराने म्हैस विकली होती, आणि ती किंमत जास्त झाली असं आमच्या घरात आजवर कुणी म्हटलेलं नाही.